आडवं ठेवलेलं स्टूल

अर्धं लिंबू पिळून पिनामांगनं स्टुलाच्या बैठकीवर तळहात फिरवला आणि तिचा हात थांबला. जिथं तो अलगद खाली उतरायला हवा होता तिथं उतरलाच नाही. तिनं चिमूटभर ओली वाळू टाकून पुन्हा घासून पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत बैठक अगदी सारखी होती.

“क्वासी!” तिनं घराकडे तोंड करून हाक मारली. “बाहेर ये जरा.”

आम्पोमा पेजेचा वाडगा हातात घेऊनच अंगणात आला. क्वासी आम्पोमा हा तिचा धाकटा भाऊ. पन्नाशी उलटली होती, गावात स्टुलं कोरण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, पण बहिणीची हाक आली की अजूनही त्याचा घास घशात अडकायचा.

“हे कुणाचं आहे?” पिनामांगनं विचारलं.

“कुणाचं म्हणजे? आईचं. आज गुरुवार ना?”

“हात लाव.”

त्यानं वाडगा खाली ठेवला आणि बैठकीला हात लावला. दुसऱ्यांदा लावायची गरजच पडली नाही. हे स्टूल त्यानंच गेल्या आठवड्यात कोरलं होतं. उजव्या कडेला कोरताना वाकस थोडा घसरला होता, ती खूण त्याच्या बोटाला लगेच सापडली.

त्यांची आई बिरागो हिला जाऊन तीन वर्षं झाली होती. ती गुरुवारची जन्मलेली. त्यात गुरुवार धरणीमातेचा वार, त्या दिवशी आमच्याकडे कुणी शेतात कुदळ घालत नाही. म्हणून दर गुरुवारी पिनामांग गावाच्या दुसऱ्या टोकाहून पदरात लिंबं आणि टोपलीत वाळू घेऊन यायची, आईचं स्टूल घासून पांढरंशुभ्र करायची, उन्हात वाळवायची आणि चुलीच्या भिंतीपाशी आडवं करून ठेवायची. आईचं जे असतं ते आमच्याकडे लेकीकडे जातं, तेव्हा स्टूल पिनामांगचंच. पण आईची चूल या अंगणात होती, म्हणून तिनं ते हलवलं नव्हतं.

आडवं ठेवायचं ते एवढ्यासाठी, की बसणारा नसताना स्टूल उभं राहिलं तर वाटेनं जाणारा कुणी भटका त्यावर येऊन टेकतो. मग घरच्या माणसाला जागा उरत नाही. नव्या स्टुलाला ही भीती नसते. त्यावर कुणी बसलेलंच नसतं, त्याला मालकच नसतो, तर त्याची जागा बळकावणार कोण? ते खुशाल उभं असतं. आई अजून येऊन आपल्या स्टुलावर बसते यावर पिनामांगचा विश्वास होता, असं म्हणणं काही बरोबर नाही. विहिरीत पाणी आहे यावर कुणी विश्वास ठेवतं का? ते असतं.

“परवा कोण आलं होतं?” तिनं विचारलं. तिचा आवाज मुळीच चढला नव्हता, आणि आम्पोमाला त्याचंच भय वाटलं.

“एक गोरी बाई. बादूनं आणली होती टॅक्सीतून. पाच घेतली तिनं.”

“काळी स्टुलं?”

“काळी.”

“मग पांढरं कसं गेलं?”

परवाचं सगळं आम्पोमाच्या डोळ्यांपुढून सरकत होतं, आणि प्रत्येक ठिकाणी तो स्वतःच मूर्खासारखा हसत उभा होता.

आमच्या गावाचा धंदा काही लपलेला नाही. इथल्या माणसाला हवं असतं ते पांढरं स्टूल. जितकं जुनं तितकं जास्त घासलेलं, म्हणून तितकं पांढरं. काळं करायचं ते फक्त एखाद्या थोर माणसाच्या मागे, त्याची आठवण जपायला, आणि ते काही कुणी विकायला काढत नाही. पण बाहेरदेशीच्या माणसानं कुठल्या तरी काचेच्या कपाटात एक काळं स्टूल पाहिलेलं असतं. तो पांढऱ्याकडे बघून म्हणतो, हे नवं आहे, मला जुनं दाखव. त्याची समजूत घालण्यापेक्षा स्टूल काळं करणं सोपं. तीन आठवडे चुलीच्या धुरात टांगायचं, पामतेलात काजळी कालवून चोळायची, मग थोडे दिवस वारुळाच्या मातीत पुरून ठेवायचं, की शंभर वर्षं महिन्याभरात अंगावर चढतात. यात पाप आहे असं गावात कुणालाच वाटत नव्हतं. स्टुलाबरोबर एक गोष्टही द्यावी लागते, हे अमक्या सरदाराच्या मावशीचं वगैरे. आम्पोमाच्या गोष्टी त्याच्या कोरीवकामापेक्षाही सरस असत.

मंगळवारी बादूच्या टॅक्सीतून उतरलेल्या बाईचं नाव होतं बोडिल. साठीच्या पुढची, उंच, हाडापेरानं मोठी, एका पायानं जरा लंगडत चालणारी. गळ्यात माळ घालावी तशी मोजपट्टी. ती डेन्मार्कची, तिथं एका शाळेत खुर्च्या करायला शिकवते आणि दरवर्षी कुठल्या तरी देशात जुनी बसायची साधनं, जुनी घरं, जुनी दारं बघत हिंडते, असं बादूनं सांगितलं. चार दिवस तिनं कुमासी शहराच्या आसपासची मातीच्या नक्षीची देवघरं पालथी घातली होती आणि जुन्या कॉलेजच्या जिन्याखाली पाठीवर पडून फोटो काढले होते. पहारेकऱ्याला वाटलं बाई पडली.

आधी प्रत्येक स्टुलावर ती बसायची, मग ते उलटं करून पायथा बघायची, मग चुपचाप वहीत काहीतरी लिहायची. चार काळी बाजूला काढली. पाचव्यापाशी मात्र घुटमळली. आणि आम्पोमाच्या तोंडून निघून गेलं, “हे माझ्या आईचं.”

त्यानं हे ठरवून केलं नव्हतं. पण एकदा बोलून गेल्यावर पुढचं आपोआप येत गेलं. बाप लवकर गेला, आईनं दोघांना वाढवलं, याच स्टुलावर बसून ती दोन वेळचं करायची, आता ठेवून काय करू, कुणीतरी जाणत्या माणसाकडे जावं. बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले. ते पाणी अगदी खरं होतं. खोटं होतं ते फक्त स्टूल. बाईनं त्याच्या दंडावर हात ठेवला आणि पाचवंही घेतलं.

तो आत जाऊन पाची स्टुलं जुन्या वर्तमानपत्रात बांधू लागला. अंगणात नऊ नवी पांढरी स्टुलं उन्हाला उभी होती आणि भिंतीपाशी एक आडवं होतं. बोडिलनं बादूला विचारलं, हे एकटंच का निजलंय? बादूनं कारण सांगितलं. मालक असलेलं आणि नसलेलं, हा फरक मात्र सांगायचा राहिला, कारण त्याचा फोन वाजला. बाईला वाटलं, बाकीची घाईगडबडीत उभी राहिली असतील. बिचारी वाकून वाकून एकेक स्टूल आडवं करत गेली, झोपलेली पोरं कुशीवर वळवावीत तशी. आम्पोमा बाहेर आला तेव्हा दहाही स्टुलं आडवी होती.

बाई जायला निघाली आणि बादूनं शिकवल्याप्रमाणे हसून म्हणाली, “नतोसो?”

म्हणजे, वर काय? आमच्याकडे गिऱ्हाईक टोमॅटो घेतं तेव्हाही वर दोन पडल्याशिवाय उठत नाही. गोऱ्या बाईच्या तोंडून तो शब्द ऐकून सगळे खूष झाले. शेजारीण तर टाळ्या वाजवू लागली. आम्पोमानं हसत हसत हाताला आलं ते कडेचं स्टूल उचललं, टॅक्सीच्या मागच्या सीटवर ठेवलं आणि दार लावलं. डोळे मिटूनही बाभूळ कुठली नि सागवान कुठलं ते सांगणारा माणूस, पण त्याला हाताखालचं लाकूड कळलं नाही. कारण त्याचं तोंड चालू होतं. तो बाईला आईबद्दलच सांगत होता.

“वर घातलं मी,” आम्पोमा म्हणाला. “चुकून. मग उरलेल्यातलं एक आईचं समजून भिंतीपाशी ठेवलं.”

पिनामांगनं हातातलं लिंबू टोपलीत टाकलं. पदराला हात पुसले.

“बादूला फोन लाव.”

“ताई, ऐक. मी दुसरं करून देतो. सेम टू सेम. डावीकडं खोलगट करतो, चार दिवसांत...”

“आई पण दुसरी करून देशील?”

“तसं नाही. पण तिला सांगू काय?”

“काय सांगायचं? चुकून गेलं, परत दे.”

“ती विचारेल, का? मग सांगावं लागेल की ते जुनं आहे. ती म्हणेल, हे पांढरं ते जुनं, तर ही काळी कोण?” त्यानं आवाज खाली आणला. “एकदा हे बाहेर गेलं तर माझं एकट्याचं नाही, गावाचं नाव जाईल.”

“गेलं तर जाऊ दे,” पिनामांग म्हणाली. “माझी आई टॅक्सीत घालून पाठवलीस तेव्हा गावाला विचारलं होतंस?”

बादू तासाभरानं आला. बाई शनिवारी निघणार होती. आज ती कुमासीतच, उतरली होती तिथंच होती. सगळं ऐकून त्यानं डोक्याला हात लावला.

“मामा, काय हे! एका पांढऱ्यासाठी पाच काळी परत येतील. आणि उद्यापासून मला बाहेरची गिऱ्हाइकं कोण देईल?”

“तू फोन घ्यायला पळाला नसतास तर हे झालंच नसतं,” आम्पोमा म्हणाला.

“म्हणजे आता माझ्यावर?”

“गाडी चालव,” मागून पिनामांग म्हणाली. “मावशीचं ऐक. भांडण परत येताना करा.”

गाडी कुमासीच्या वाटेला लागली.

एका चर्चनं चालवलेल्या अतिथीगृहात बोडिलची खोली होती. ती ओसरीवर बसून वहीत चित्र काढत होती. बसली होती बिरागोच्या स्टुलावर. आम्पोमा पायरीवरच थांबला. पिनामांगनं तोंडावर पदर धरला.

यांना बघून बाईला आनंद झाला. ती हाताचा आधार घेत उठली आणि उठल्याबरोबर, कुणीही न सांगता, तिनं ते स्टूल भिंतीपाशी नेऊन आडवं ठेवलं. मगच वळून हात पुढे केला. पिनामांगनं तो हात हातात घेतला. येताना गाडीत तिनं मनात काय काय रचून ठेवलं होतं, त्यातलं निम्मं तिथंच गळून पडलं.

आम्पोमाला धड इंग्रजी येत नव्हतं. भाव सांगण्यापुरतं यायचं. पुढचं सगळं बादूच्या तोंडून झालं.

“मॅडम,” आम्पोमानं सुरुवात केली, “ते पांढरं स्टूल जरा खराब निघालं. चीर आहे त्याला. तुमच्या थंडीत फुटेल.”

पिनामांगनं भावाकडे पाहिलं. इथंही?

बोडिलनं स्टूल उचललं, उजेडात फिरवलं, नखानं टकटक करून ऐकलं. “चीर नाही,” ती म्हणाली. “आणि मला हेच सगळ्यांत आवडलंय. माझं कंबरेचं हाड दुखतं, यावर बसलं की दुखत नाही. फक्त एक कळत नाही. याची बैठक एका बाजूला खाली गेलीय. तुझं काम इतकं नेमकं, मग इथंच कसा चुकलास?”

बादूनं हे सांगितलं तेव्हा आम्पोमाच्या कानशिलावरून घाम ओघळला.

“ते माझ्या आईचं आहे,” तो म्हणाला.

बोडिल आत गेली आणि वर्तमानपत्रात बांधलेलं एक काळं स्टूल घेऊन बाहेर आली. कागदावर तिनं स्वतःच्या अक्षरात काहीतरी लिहून ठेवलं होतं.

“आईचं तर हे ना? मी लिहून ठेवलंय. तुला आया किती?”

बादू अर्धवट सांगून अडखळला.

“काय म्हणाली?” पिनामांगनं विचारलं.

“काही नाही मावशी, ते आपलं...”

“बादू, काय म्हणाली ती?”

बादूनं सांगितलं. खाली मान घालून सगळं सांगितलं, परवा आम्पोमा काय काय बोलला तेही. बाप लवकर गेला ते, दोन वेळचं ते, डोळ्यांत पाणी आलं तेही.

पिनामांगनं त्या काळ्या स्टुलाकडे पाहिलं. ओसरीखाली कुणीतरी केळी तळत होतं, त्याचा वास येत होता.

“म्हणजे तोंडानं तू तिला आधीच विकलं होतंस,” ती भावाला म्हणाली. “हातानं मागाहून दिलंस, एवढंच.”

आम्पोमाला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. पण आज डोळे कोरडे होते. तो बादूकडे वळला.

“सांग तिला. ही पाची माझी. या पावसानंतर कोरली. धुरात घातली, काजळी चोळली. सरदार नाही, मावशी नाही, कुणी नाही. ते एक पांढरं तेवढं जुनं.”

“मामा, सगळं सांगू?”

“सगळं.”

बोडिलनं ऐकून घेतलं. रागावली असेल तर चेहऱ्यावर दिसलं नाही, पण तिनं पांढरं स्टूल स्वतःच्या जवळ ओढून घेतलं.

“परवा तू एक सांगितलंस, मी मानलं,” ती म्हणाली. “आज येऊन आधी चीर सांगितलीस, मग आई सांगितलीस. यातलं मी कुठलं मानायचं, आणि का?”

खोटं कसं पटवायचं हे आम्पोमाला पस्तीस वर्षं माहीत होतं. खऱ्यासाठी काय करतात ते मात्र ठाऊक नव्हतं.

पिनामांगला बाईचं बोलणं कळलं नव्हतं, बाईनं स्टूल ओढून घेतलं ते मात्र दिसलं होतं. ती पुढे झाली. बोडिलच्या हातावर हलकेच थोपटून तिनं ते मागितलं, आणि बोडिलनं, का कोण जाणे, दिलं. पिनामांगनं ते ओसरीच्या मधोमध उभं ठेवलं आणि त्यावर बसली. सरळ नाही, तिरकी. उजवा पाय पुढे लांब, सगळा भार डाव्या कुल्ल्यावर. समोर उखळ असावं तशी ती वाकली. डावा हात गुडघ्यावर, उजवा हात बाजूच्या नसलेल्या पाण्यात बुडवून नसलेल्या उखळात.

“मुसळ घे,” ती भावाला म्हणाली.

“ताई, इथं?”

“घे म्हणते ना.”

आम्पोमा उठून तिच्यासमोर उभा राहिला. दोन्ही हात वर नेले. लहानपणी त्याच्या डोक्यापेक्षा उंच मुसळ असायचं आणि आई खाली बसून उखळातला उकडलेल्या कंदांचा गोळा उलटायची. तो मारायचा, तिचा हात आत जायचा, बाहेर यायचा, तो पुन्हा मारायचा. एक क्षण चुकला तर आईची बोटं गेली असती. एकदाही चुकला नव्हता. त्यानं हात खाली आणले. पिनामांगचा हात आत गेला, गोळा वळवला, बाहेर आला. पुन्हा मुसळ, पुन्हा हात. प्रत्येक वेळी तिचं अंग डावीकडे थोडं झुकायचं आणि परत यायचं. तिच्या नकळत तोंडातून तो हुंकारही निघाला, आईचा, उलटताना काढायची तो. आम्पोमाचे हात वरच राहिले.

“थांबू नकोस,” पिनामांग म्हणाली. “बोटं जातील.”

बोडिल कधी खाली बसली ते कुणाच्या लक्षात आलं नाही. दुखऱ्या पायावर जोर देत ती स्टुलाशेजारी उकिडवी बसली होती आणि तिचा तळहात पिनामांगच्या कुल्ल्याखाली, बैठकीच्या त्या खोलगट कडेला टेकला होता. अंग झुकलं की हात दाबला जायचा, सरलं की सुटायचा. थोड्या वेळानं तिनं हात काढला.

“किती वर्षं?” तिनं विचारलं.

“रोज संध्याकाळी,” आम्पोमा म्हणाला. “चाळीस तरी.”

बोडिल कठड्याला धरून उठली. तिनं पिनामांगला उठायला हात दिला, स्टूल उचललं आणि तिच्या हातात ठेवलं. पिनामांगनं ते छातीशी धरलं. एवढा वेळ न रडलेली ती तेव्हा रडली. आवाज न करता, स्टुलाच्या कडेवर हनुवटी टेकून.

मग बोडिलनं काळं स्टूल पायानंच आम्पोमाकडे सरकवलं.

“हेही ने. त्या चारांबद्दल मला शंका होतीच. पायथे फार स्वच्छ आहेत, मातीच्या जमिनीवर उभी राहिलेली वाटत नाहीत. पण कोरीवकाम उत्तम आहे, ती मी ठेवते. आमच्याकडे त्यांच्याखाली तुझं नाव आणि हे साल लिहीन. हे पाचवं मात्र मी तुझ्या डोळ्यांतल्या पाण्यासाठी घेतलं होतं.”

बादूनं हे सांगितलं आणि स्वतःच तोंड फिरवलं. आम्पोमानं खिशातून त्या एकाचे पैसे काढून कठड्यावर ठेवले. बाईनं नाही म्हटलं नाही. ते वहीत घातले आणि वही मिटली.

परतताना पिनामांग मागे स्टूल मांडीवर घेऊन बसली होती. आम्पोमाच्या पायाशी काळं स्टूल होतं. गाडी वळली की ते त्याच्या नडगीला लागायचं. गाव जवळ आल्यावर बादूला राहवेना.

“मामा, एक बोलू? काही म्हणा, ती बाई आता वर काही न घेता चालली. माझ्या टॅक्सीतून आजवर असं गिऱ्हाईक गेलं नव्हतं.”

आम्पोमा नडगी चोळत राहिला.

अंगणात पोचल्यावर पिनामांगनं सकाळचं राहिलेलं काम पुरं केलं. वाळू, लिंबू, पाणी. डाव्या खोलगट जागी तिचा हात उतरला तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले. उन्हं कलेपर्यंत स्टूल वाळलं, भिंतीपाशी आडवं झालं. जाताना तिनं टोपली उचलली, थांबली, आणि उरलेली सहा लिंबं काढून चुलीच्या कट्ट्यावर ठेवली.

“घरी नकोत?” आम्पोमानं विचारलं.

“आहेत घरी,” ती म्हणाली आणि गेली.

शुक्रवारी उजाडल्यापासून आम्पोमा काळं स्टूल घासत बसला. पहिलं पाणी शाईसारखं निघालं, दुसरंही. काजळी तेलात मुरली होती, सहजी सुटेना. तीन आठवडे जो धूर त्यानं लाकडाला पाजला होता तो आता कणाकणानं परत मागावा लागत होता. शेजारीण कुंपणाशी येऊन उभी राहिली.

“काय रे क्वासी, उलटा धंदा सुरू केलास?”

“हो,” तो म्हणाला. “जुनं करून कंटाळलो. आता नवं करून बघतो.”

ती हसत निघून गेली. पाचव्या लिंबाला मधल्या खांबावरची जाळी उघडी पडू लागली. बारीक, एकमेकांत गुंतलेले फेर, एकही धार तुटलेली नाही. कोरून झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यानं ते धुरात टांगलं होतं, तेव्हा आपलंच काम त्यानं धड पाहिलंही नव्हतं. तो मान तिरकी करून बघत राहिला. चांगलं झालं होतं. हे स्वतःशी म्हणताना त्याला उगाच लाजल्यासारखं झालं, तरी तो म्हणाला.

शनिवारी सकाळी बादू बाईला विमानतळावर सोडण्यासाठी कुमासीला निघाला, तेव्हा वाटेत अंगणाशी थांबला. आम्पोमानं पांढरं स्टूल आणून मागच्या सीटवर ठेवलं. अजून किंचित ओलं होतं, लिंबाचा वास येत होता. मध्ये एके ठिकाणी नखाएवढा काळा डाग राहिला होता, तो काही केल्या गेला नव्हता.

“हे वर दिलंय म्हणून सांग.”

“सांगतो. पण ती विचारणार, मामा. कुणाचं आहे, कुठलं आहे. तिची वही तुम्हाला ठाऊक आहे.” बादू स्टिअरिंगवर हात ठेवून थांबला. मामांची गोष्ट ऐकायची त्याला सवय होती. “काय सांगू?”

आम्पोमानं तोंड उघडलं आणि मिटलं. भिंतीपाशी आईचं स्टूल आडवं होतं, तिकडे त्याची नजर गेली. मग वाकून त्यानं सीटवरचं स्टूल नीट केलं. आडवं नाही केलं. उभंच ठेवलं.

“सांग, अजून कुणाचंच नाही.”